पाऊस तेवढाच, मग मोटार दुप्पट का चालते?

प्रश्न अंबड तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंचा आहे. थोडक्यात असा: "सहा एकर रान. दोन एकर मोसंबी ठिबकवर, बाकी सोयाबीन आणि मागून हरभरा. विहीर ५५ फूट. वीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत २५ फुटांवर पाणी दिसायचं. आता डिसेंबरातच विहीर तळ गाठते आणि बाग बोअरवर जगते. बोअरमध्ये उन्हाळ्यात पाणी २२० फुटांवर जातं. पावसाचा आकडा मात्र सरासरीच्या आसपासच असतो. मग मोटार दुप्पट का चालवावी लागते? ऊन वाढलं म्हणून झाडं जास्त पितात का? आणि सौर पंप घेऊन शेततळं केलं तर प्रश्न मिटेल का?"

दादा, मी २८ वर्षं ठिबकचे आराखडे आणि पंपसेटची कामं करतो. गेल्या आठ-दहा वर्षांत मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तर लांब होईल, कारण यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पैसे कुठे घालायचे ते कळत नाही.

आधी उन्हाचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. झाड मात्र लगेच सात टक्के जास्त पीत नाही. वारा, सूर्यप्रकाश, पानांची छिद्रं किती वेळ उघडी राहतात, यावरही ते ठरतं. पिकाची पाण्याची गरज काढायला आम्ही पेनमन-माँटिथचं सूत्र वापरतो. त्यात आपल्या भागाचे आकडे घालून नुसतं तापमान एका अंशाने वाढवलं, तर गरज दोन-तीन टक्क्यांनी वाढते.

आता हे तुमच्या बागेवर लावू. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे ११० झाडं, म्हणजे दोन एकरांत २२० झाडं. मे महिन्यात पूर्ण वाढलेल्या झाडाला दिवसाला १२० लिटर धरा. झाले २६ हजार ४०० लिटर. त्याचे तीन टक्के म्हणजे सुमारे ८०० लिटर. तुमची मोटार सेकंदाला अडीच लिटर देत असेल, तर हे वाढीव पाणी पाच-सहा मिनिटांत देऊन होतं. दुप्पट तासांचा हिशेब यातून निघत नाही.

याचा अर्थ ऊन निरुपद्रवी आहे असा घेऊ नका. एप्रिलमधल्या उष्णतेच्या लाटेत बारीक फळं गळतात, गरम वाऱ्याच्या आठवड्यात पाणी देऊनही झाड दुपारी माना टाकतं, आणि ते नुकसान लिटरात मोजता येत नाही. पण मोटारीचे तास वाढायचं मूळ कारण दुसरीकडे आहे.

ते कारण म्हणजे पाऊस पडायची पद्धत. वर्षाचे साडेसहाशे-सातशे मिलिमीटर तुमच्याकडे अजूनही होत असतील. पण ते किती दिवसांत होतात? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. भिजपाऊस कमी झाला आणि मधले खंड लांबले, हे तर आपण सगळे डोळ्यांनी बघतोच आहोत. आपली भारी काळी जमीन एकदा फुगली, भेगा मिटल्या की तासाला काही मिलिमीटरच पाणी आत घेते. दोन तासांत ८० मिलिमीटर कोसळला तर त्यातला बहुतेक ओढ्याला जातो, बांध फोडून माती घेऊन जातो. पर्जन्यमापकात मात्र ८० लिहिले जातात. सरासरी भरली, विहीर भरली नाही, असं होतं ते असं.

दुसरी बाजू आपल्या खडकाची. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसला आहे. या खडकात पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात, भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. शंभर लिटर खडकातून उपशाला मिळणारं पाणी एक ते तीन लिटर. दोन धरून चालू. तुमच्या सहा एकरांखालचा एक मीटर जाडीचा मुरूम पूर्ण भिजलेला असेल, तर त्यात पिळून निघणारं पाणी सुमारे ४ लाख ८५ हजार लिटर. तुमची बाग मे महिन्यात तेवढं अठरा दिवसांत पिते. हा आकडा मी प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या रानावर काढून दाखवतो, कारण खाली नदी वाहते आहे असं अनेकांना मनापासून वाटत असतं. आपल्या पायाखाली असतो एक छोटा माठ. तो दरवर्षी भरावा लागतो, आणि भरला तरी उताराकडे झिरपत राहतो. ऑक्टोबरात तुडुंब दिसणारी विहीर उपसा न करताही खाली जाते, ती यामुळे.

त्यात बोअर. बेसाल्टमध्ये २०० फुटांखाली लागणारं पाणी बहुतेक वेळा वरच्याच मुरमातून भेगांवाटे खाली उतरलेलं असतं. गावात दहा बोअर झाले की विहिरीचं पाणी वेगळ्या नळीतून उपसल्यासारखंच होतं, फक्त जास्त खोलीवरून. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरींना मनाई आहे. ती लोक कागदावरची समजतात. मला ती खडकाच्या दृष्टीने अगदी योग्य वाटते.

आता विजेकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. एक हजार लिटर पाणी एक मीटर वर चढवायला किमान ०.००२७ युनिट लागतं. निसर्गाचा नियमच तो, यात घासाघीस नाही. पंप, मोटार, पाइप यांतली घट धरली की आपल्याकडे घातलेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्सा पाण्यापर्यंत पोचतो. ठिबकला लागणारा दाब २० मीटर उंचीच्या पाण्याएवढा धरू. वीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तुमचं पाणी २५ फुटांवर, म्हणजे आठ मीटरवर होतं. एकूण उचल २८ मीटर. बागेचं दिवसाचं २६ हजार लिटर द्यायला सुमारे सहा युनिट पुरायची. आता उन्हाळ्यात पाणी ६७ मीटरवर. एकूण उचल ८७ मीटर. तेवढ्याच पाण्याला सुमारे अठरा युनिट. म्हणजे तिप्पट. आणि उन्हाने वाढलेल्या तीन टक्क्यांचा यातला वाटा अर्ध्या युनिटच्या आसपास.

पंप मोठा घेतला नाही तर हीच तिप्पट तुम्हाला तासांत दिसते: उचल वाढली की पंप कमी पाणी फेकतो, मग मोटार जास्त वेळ चालते. त्यात बोअरला येणारा झरा सेकंदाला एक लिटर आणि पंप ओढतो तीन लिटर असं असेल, तर मोटार पाणी तोडते, बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू करावी लागते. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय.

हवामान बदल शेतकऱ्याच्या दारात येतो तो असा. लिटर थोडे वाढतात, उचलीचे मीटर खूप वाढतात. वर्षानुवर्षं आपल्या सगळ्या योजना लिटर वाचवण्याच्या भोवती फिरल्या. मीटरचा हिशेब कोणी शिकवला नाही.

एक उदाहरण सांगतो. बदनापूरजवळच्या एका बागेत गेल्या फेब्रुवारीत गेलो होतो. ५ एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे एकत्र जोडलेली मोटार आणि पंप, विहिरीतल्या टप्प्यावर बसवलेली, तिथून ४०० फूट पाइपलाइन वरच्या हौदापर्यंत. तक्रार तुमच्यासारखीच, मोटार दिवसभर चालते पण हौद भरत नाही. मी दोनशे लिटरचा ड्रम हौदाजवळ ठेवायला लावला, मोबाइलवर वेळ लावली. ड्रम भरायला ५० सेकंद. म्हणजे सेकंदाला चार लिटर. स्टार्टरपाशी विजेचा प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर लावला, तर मोटार साधारण ४.६ किलोवॅट ओढत होती. विहिरीतल्या पाण्यापासून हौदाच्या तोंडापर्यंत टेपने उंची मोजली, २४ मीटर. चार लिटर २४ मीटर चढवायला लागतो एक किलोवॅटसुद्धा नाही. पाच भागांतला एक भाग कामाला, चार वाया.

"साहेब, मोटार तर दोन वर्षांपूर्वीचीच आहे," ते म्हणाले.

"मोटार नवी आहे काका, पण पाइप तुमच्या वडिलांच्या काळचा आहे," मी म्हणालो. दोन इंची पाइप. १२० मीटर लांबीत सेकंदाला चार लिटर ढकलताना नुसत्या घर्षणातच दहा मीटरच्या वर दाब जात होता. शिवाय चार काटकोनी एल्बो, आणि पाइपच्या पाण्यातल्या टोकाला जाळीत शेवाळ अडकलेला फूटव्हॉल्व्ह. पाणी चढवायचं होतं २४ मीटर, मोटार ओझं उचलत होती ३५ मीटरच्या वर. आम्ही तीन इंची पाइप घातला, एल्बोच्या जागी लांब वळणाचे बेंड दिले, फूटव्हॉल्व्ह बदलला. पाइप दोन इंचीचा तीन इंची केला की तेवढ्याच पाण्याला घर्षण सुमारे सातव्या हिश्शावर येतं. त्याच मोटारीवर ड्रम ३८ सेकंदांत भरायला लागला. काकूंनी दोनदा मोजायला लावलं, आकडा खरा वाटेना म्हणून. रोजच्या आठ तासांतले जवळपास दोन तास वाचले. विहीर तीच, ऊन तेच.

ही घट तिथे वीस वर्षं होतीच. पाणी वर होतं, मोटार तीन तास चालायची, म्हणून कोणाला जाणवली नाही. खोली वाढली, तास वाढले, तशी ती उघडी पडली. म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी ड्रम, टेप आणि घड्याळ घेऊन एक सकाळ काढा. खर्च शून्य आहे.

ठिबकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यात लोकांची फसगत होते. ठिबक पाणी वाचवतं, वीज वाचवतंच असं नाही. ड्रिपरला साधारण एक किलो दाब लागतो, म्हणजे दहा मीटर. फिल्टर, व्हेंचुरी, सबमेन मिळून आणखी तेवढाच. समजा पाटाने १०० माप पाणी लागत होतं आणि ठिबकने ६० लागतं. विहिरीत पाणी १२ मीटरवर असेल तर पाटाचा हिशेब १०० गुणिले १२, म्हणजे १,२००. ठिबकचा ६० गुणिले ३२, म्हणजे १,९२०. पाणी चाळीस टक्के वाचलं आणि वीज साठ टक्के वाढली. तेच पाणी ८० मीटरवरच्या बोअरचं असेल तर पाटाला ८,०००, ठिबकला ६,०००. इथे पाणी वाचलं आणि विजेतही चौथा हिस्सा वाचला. तेव्हा उथळ विहिरीवर ठिबक कमी दाबाचं, मोठ्या व्यासाच्या सबमेनचं करायचं. आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावायचेच. दोन्हींत अर्ध्या किलोचा फरक दिसला की पाच मीटर दाब नुसत्या कचऱ्यात जातोय असं समजा आणि फिल्टर धुवा.

आणि वाचलेल्या पाण्याचं काय होतं? बहुतेक गावांत त्यावर आणखी एक एकर ओलिताखाली येतं. शेतकऱ्याला मी त्यासाठी दोष देत नाही, मुलांच्या फिया आणि कर्जाचे हप्ते त्याला दिसतात. पण मग ठिबक आल्यावरही गावची पातळी खालीच जाते, हे मी कित्येक गावांत बघितलं आहे.

खरिपाचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे बदल सगळ्यात ठळक आहे. आमच्या सुरुवातीच्या काळात ऑगस्टमध्ये मोटार दुरुस्तीला यायची, कारण ती बंद असायची. आता ऑगस्टमध्ये ती जळते. २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलोऱ्यात-शेंगांत, आणि वीस-बावीस दिवस पाऊस नाही. चार एकर सोयाबीनला ५० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे ८ लाख लिटर. सेकंदाला चार लिटरने ५६ तास. आठ तासांच्या विजेवर पूर्ण आठवडा. गावातल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात पाणी द्यायचं असतं. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, सगळ्या मोटारी एकदम, त्यात ऑटोस्विचमुळे वीज आली की सगळ्या एका क्षणी सुरू होतात. व्होल्टेज पडतं, मोटार जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग जळतं. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्या माहितीच्या रिवाइंडिंगवाल्यांकडे पाठीमागे ओळीने मोटारी पडलेल्या होत्या.

याच काळात देशभर विजेची मागणी एवढी वाढली की सप्टेंबर २०२३ मध्ये ती २४३ गिगावॉटच्या शिखरावर गेली. पाऊस नाही म्हणून पंप चालतात, आणि पाऊस नाही म्हणूनच धरणातलं पाणी जपून वापरावं लागतं, जलविद्युत कमी होते. मराठवाड्याने तर याचं टोक बघितलं आहे: २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. पाण्याला वीज हवी, विजेला पाणी हवं, आणि दोन्ही एकाच वेळी आटतात.

तुमच्या विहिरीच्या दृष्टीने ऑगस्टच्या त्या पाळीचा परिणाम पुढे दिसतो. ज्या महिन्यात मुरूम भरायचा, त्याच महिन्यात आपण तो रिकामा करतो. डिसेंबरात विहीर तळाला जायचं एक कारण हेही आहे. म्हणून सोयाबीन रुंद वरंबा सरीवर, बीबीएफ यंत्राने पेरा. सरीत मुरलेलं पाणी खंडात दहा-बारा दिवस तग धरायला मदत करतं, आणि अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर काढते. द्यावीच लागली तर तुषारने २५-३० मिलिमीटरची हलकी पाळी द्या. पन्नास नको. ऑटोस्विच काढा किंवा टायमर लावून गावाने मिनिटामिनिटाचं अंतर ठेवा, आणि मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर लावा. डीपीवरच्या सगळ्यांनी तो लावला तर व्होल्टेज सावरतं. एकट्याने लावून फार फरक पडत नाही, म्हणून आधी डीपीवरची माणसं एकत्र बसवा.

आता सौर पंप. मी सौरच्या बाजूचा माणूस आहे. रात्री दोन वाजता थंडीत, बिबट्याच्या भीतीत, बॅटरी घेऊन कॉक फिरवायला जाणारी माणसं मी बघितली आहेत. दिवसाचं पाणी हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण तुमच्या बोअरसाठी काही गोष्टी आधी कळायला हव्यात.

सौर पंपाचा वेग उन्हाबरोबर कमी-जास्त होतो. वेग कमी झाला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण दाब वेगाच्या वर्गाने कमी होतो. सकाळी साडेआठला पंप सत्तर टक्के वेगाने फिरत असेल, तर दाब निम्म्यावर येतो. पूर्ण वेगाला ११० मीटर देणारा पंप त्या वेळी ५४ मीटरच देतो. तुमचं पाणी ६७ मीटरवर. पंप फिरताना दिसेल, आवाज येईल, पाणी येणार नाही. उथळ विहिरीवरचा सौर पंप सकाळी आठ ते संध्याकाळी पाच पाणी देतो, खोल बोअरवरचा दहा ते तीन. मे महिन्यात पॅनेल साठ अंशांच्या वर तापतं, आणि २५ अंशांच्या वरच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत पंधरा टक्के घट. त्यावर धूळ. सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

दुसरं, अश्वशक्ती. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ती जमिनीवर ठरते: अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे ७.५. तुमच्या सहा एकरांना साडेसात बसते, म्हणून ती घेऊ नका. बोअरला झरा किती आहे त्यावर पंप घ्या. मे महिन्यात बोअर सेकंदाला एक लिटर देत असेल तर साडेसातची मोटार त्यातून जास्त पाणी काढू शकत नाही, फक्त लवकर तोडते. पाण्याविना चालली की मोटार बंद करणारं संरक्षण कंट्रोलरमध्ये आहे ना, ते बसवताना चालू करून दाखवायला सांगा. आणि गावाची शेतीची वाहिनी सौर प्रकल्पाला जोडली जाणार असेल तर आधी ती चौकशी करा, कारण मग आहे त्याच मोटारीला दिवसा वीज मिळते.

तिसरं जास्त गंभीर. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज माफ आहे. सौरची तर कायमच फुकट. म्हणजे पाणी २५ फुटांवरून २२० फुटांवर गेलं, तरी खिशाला कुठेच चटका बसत नाही, बोअर कोरडं पडेपर्यंत. बिल हा निदान एक इशारा होता. तो गेल्यावर इशारा स्वतःच तयार करावा लागतो. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ मध्ये सौर पंपधारकांनी सहकारी संस्था केली आणि न वापरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. तिथे पाणी न उपसण्याला किंमत आली. आपल्याकडे असं व्हावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. पण आज तुमच्यासमोर तो पर्याय नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

शेततळ्याबद्दल माझं मत ऐकून थोडं वाईट वाटेल. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी पावसाळ्यात अडवून भरणार असाल, तर जरूर करा. अतिवृष्टीचं पाणी पकडायला त्याहून चांगलं साधन नाही. पण बोअरमधून उपसून, प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवणार असाल, तर करू नका. ३० बाय ३० मीटरच्या तीन मीटर खोल तळ्यात सुमारे वीस लाख लिटर मावतं. उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर उडालं तर भरलेल्या तळ्यातून दिवसाला ७ हजार २०० लिटर हवेत जातात, म्हणजे तुमच्या साठ झाडांचं दिवसाचं पाणी. ६०-७० मीटर खोलीवरून, वीज घालून वर आणायचं आणि उन्हात उघडं ठेवायचं. ते खडकातच राहू दे. तिथे ते उडत नाही. तुम्ही आधी उपसलं नाही तर शेजारी उपसेल, ही भीती मला कळते, आणि तिला तांत्रिक उत्तर नाही. हिवरे बाजारात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस कमी असेल तर रब्बीचं क्षेत्र कमी करतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियम पाळतात. तिथे पाऊस तुमच्याहून कमी आहे. एक अख्खं गाव नाही जमलं तरी एका नाल्याकाठची आठ-दहा विहीरवाली घरं बसू शकतात. मी अशा बैठकांत बसलो आहे. पहिल्या बैठकीत भांडणं झाली, तिसरीत आकडे आले.

बागेपुरतं सांगायचं तर निर्णय बहाराचा, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फूल आणायचं याचा आहे. आंबिया धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फूल, आणि फळ पोसायचं ते ऐन एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सगळ्यात खोल, सगळ्यात महाग पाण्यावर. मृग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचं फूल धरलं तर उन्हाळ्यात झाड ताणावर, पाणी फक्त जगण्यापुरतं. पाणी कमी असलेल्या बागांना मी आजवर मृगच सांगत आलो. पण आता त्यातही खोट आली आहे. मे महिन्यात अवकाळी झाला की ताण मोडतो. २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मे रोजी मुंबईत पोचला. अनेकांचे ताण अर्धे राहिले. तेव्हा मृगाचा ताण थोडा आधी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच जमिनीचा मगदूर बघून सुरू करावा, असं मी आता सांगतो. बुंध्याभोवती सोयाबीनचं भुसकट चार-पाच इंच जाड पसरा. उन्हाने वाढलेली दोन-तीन टक्के गरज तर त्यातूनच भरून निघते, आणि पांढरी मुळी वर जिवंत राहते.

या वर्षी एवढं करा. १५ ऑक्टोबरला, मोटार बारा तास बंद ठेवून, विहिरीची आणि बोअरची पातळी मोजा. बोअरसाठी नायलॉनच्या दोरीला रिकामा छोटा डबा उपडा बांधून सोडा. पाण्याला लागला की 'डुब्' असा आवाज येतो, दोरीला गाठ मारा आणि वर काढून टेपने मोजा. केबल आणि पाइपमध्ये दोरी अडकणार नाही इतपत सावकाश. मग पंप चालू करून दर अर्ध्या तासाने ड्रम भरायची वेळ लिहा, पाणी तुटेपर्यंत, आणि बंद केल्यावर पातळी किती वेळात परत वर येते तेही. हेच १ जानेवारीला आणि १५ मार्चला. ऑक्टोबरात विहीर अर्ध्याच्या खाली असेल तर आंबिया सोडून द्या आणि हरभरा एका संरक्षित पाण्यावर येईल तेवढाच पेरा. तिन्ही तारखांचे आकडे, पाइपचा व्यास आणि विहिरीपासून बागेचं अंतर मला लिहून पाठवा. पंप किती एचपीचा आणि किती टप्प्यांचा घ्यायचा, ते त्यावरून सांगतो. तोपर्यंत सौर पंपाच्या अर्जात अश्वशक्तीचा रकाना भरू नका.